वरची फळी

सरकार बंद पडल्याचा सव्विसावा दिवस.
शनिवार होता, म्हणून सॉना पेटला.
शनिवारी तो पेटतोच,
वॉशिंग्टनमध्ये कोणी काम करो न करो.

बाहेर खुंटीवर उर्होची टोपी, तिच्यावर हत्ती.
आजोबांचं गाढव ट्रकच्या बंपरवर चिकटलेलं,
रस्त्यावरच्या मिठानं अर्धं खाल्लेलं.
आत दोघे भाऊ वरच्या फळीवर,
उघडे, लाल, साठीच्या अलीकडे-पलीकडे.
मी खालच्या फळीवर. अकरा वर्षांचा.
खाली धग कमी लागते
आणि कोणी मत विचारत नाही.

नियम एकच, त्यांच्या बापाच्या वेळचा:
आधी बाहेर पडेल तो हरला.

उर्होनं डोणीतून पळीभर पाणी दगडांवर फेकलं.
चर्र.
"ऋण काढून सण चाललाय तुमचा.
आरागिरणीत मी रोज बारा तास उभा,
त्यातले चार तास सरकारसाठी."
"आणि तुझे ओंडके ज्या पुलावरून येतात,
तो पूल काय अस्वलांनी बांधला?"
आजोबांची पळी. चर्र.
"उधळपट्टी थांबवा."
"दात कोरून पोट भरतं का, उर्हो?"
चर्र. चर्र.
वाफेला आमच्याकडे लोयलू म्हणतात,
तिच्यात आत्मा असतो असं पणजी म्हणायची.
त्या दिवशी आत्म्याला श्वास घ्यायलाही जागा नव्हती.

मग उर्होनं बोट ओलं केलं
आणि तापलेल्या भिंतीवर लिहू लागला
देशाचं कर्ज.
आधी आकडा, मग शून्यं, एकेक, गोल, शाळेतल्यासारखी.
सातव्या शून्यापाशी पोचला
तर आकडा वाळून गेलेला.
पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा सुरुवात.
या वेळी घाई केली, शून्यं वेडीवाकडी,
तरी शेपूट येईपर्यंत डोकं गायब.
भिंत कोरडी. देवदाराचा वास.
"बघ," आजोबा म्हणाले.
"बघ," उर्होही म्हणाला.
दोघांना काय दिसलं कोण जाणे.

आजोबा जलपाशाचे दरवाजे उघडायचे,
लोखंडाचं खनिज भरलेली जहाजं
सुपीरियरमधून खाली उतरवायचे, एकवीस फूट,
पेल्यातलं पाणी ओतावं तशी.
सव्विसावा दिवस: जहाजं येत होती, पगार नव्हता.
आजीनं गोठवलेल्या पॅस्टी मोजून ठेवल्या होत्या.

हे उर्होला ठाऊक होतं.
खूप वेळानं, दगडांकडे बघत, तो म्हणाला,
"कोटाच्या आतल्या खिशात आठशे डॉलर आहेत.
घे. जमेल तेव्हा दे."
"मी कर्ज घेत नाही."
"सगळा देश घेतो तेव्हा चालतं तुला!"
"तो देश आहे. हा मी आहे."
"व्याज नाही रे."
"मग तुझी गिरणी बुडेल. मला काय, हसतील लोक."
उर्हो हसला नाही.
कर्जाला शिव्या घालणारा देऊ पाहत होता,
कर्जाचा वकील हात मागे घेत होता,
आणि घाम दोघांच्या नाकावरून
सारख्याच वेगानं टपकत होता.

चूल मंदावली.
आधी कोणाच्याच लक्षात आलं नाही,
मग आलं, तरी दोघे गप्प.
सरपण बाहेर, शेडमध्ये.
आणायला जाईल तो आधी बाहेर पडेल.
दगड काळे पडत गेले. पळी डोणीत उपडी.
आजोबांच्या दंडावर काटा आला,
त्यांनी तो तळव्यानं झाकला.

मग दोन्ही डोकी हळूहळू
खाली वळली.

बर्फ गुडघ्याएवढं होतं.
टॉवेल गुंडाळून, अनवाणी, मी धावलो,
बर्चचे ओंडके छातीशी धरले,
सालीनं पोट खरवडलं.
परतताना खुंटीवरच्या कोटाला खांदा लागला,
आतून कागद कुरकुरला.
दाराआडून आवाज येत होते,
पुन्हा चढलेले, पुन्हा पहिल्यापासून,
आणि मी पायानं दार ढकलत म्हणालो,
सरका.